फेम्टोसेकंद लेसरने रेणू ‘दिसतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

विज्ञान दिनाला कोल्हापुरात व्याख्यान झालं आणि प्रश्नांसाठी वेळच उरला नाही. बाहेर पडताना एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. तिचे तीन प्रश्न तिच्याच शब्दांत देते:

“मॅडम, रेणूतले बंध दहा-वीस फेम्टोसेकंदांत एकदा कंप पावतात आणि एवढा वेगवान डिटेक्टर नाही, असं तुम्ही एका दमात सांगितलंत. मग मोजतात कसं? दुसरं, पल्स (प्रकाशाची क्षणिक झळक) जितका छोटा तितका त्याचा रंग पसरट, असं आम्ही शिकलो. रंगच पसरला तर कोणता बंध हलला ते कसं ओळखायचं? तिसरं, असला लेसर कोट्यवधींचा. कोल्हापुरात राहून मला यातलं काय करता येईल?”

वीस-बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. तरी यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला नीट उमगायला पीएच.डी.ची चार वर्षं गेली होती. त्यामुळे हे उत्तर लांबणार. सावकाश वाच.

आधी आकडे डोळ्यांसमोर घे. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. एरवी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या वेळात जेमतेम ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे सरकतो. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तो ओलांडायला प्रकाशाला २३० फेम्टोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध दहा-बारा वेळा ताणून आखडलेला असतो. अणू साधारण सेकंदाला एक किलोमीटर वेगाने हलतात, म्हणजे एक अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग, साधारण एका अणूएवढं) अंतर कापायला त्यांना १०० फेम्टोसेकंद पुरतात. फळ्यावर आपण एक बाण काढतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन रेणू लिहितो. तो बाण म्हणजे एवढा काळ.

आता डिटेक्टर. उत्तमातला उत्तम फोटोडायोडसुद्धा (प्रकाश मोजणारा डिटेक्टर) काही पिकोसेकंदांच्या आतलं वेगळं करून दाखवू शकत नाही, आणि एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद. म्हणून आम्ही डिटेक्टरला वेळ मोजायला सांगतच नाही. त्याने फक्त किती प्रकाश आला ते सांगायचं, तेही आरामात, मिलिसेकंदाला एकदा.

इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणी पाहिली असशील तर तिथे फिरत्या चातीवर स्ट्रोबोस्कोपचा लुकलुकणारा दिवा धरतात. लुकलुक चातीच्या फेऱ्यांशी जुळली की चाती जागच्या जागी उभी दिसते. बघणारा डोळा संथच असतो, चाती थांबवते ती प्रकाशाची छोटी झळक. आमच्याकडेही तेच, फक्त एक अडचण जास्त. चाती आपली आपण एका लयीत फिरत असते. क्युवेटमधले, म्हणजे नमुन्याच्या छोट्या काचपात्रातले, असंख्य रेणू मात्र ज्याच्या त्याच्या तालात असतात. त्यांना आधी एकदम सुरुवात करून द्यावी लागते. म्हणून दोन पल्स लागतात. पहिला, पंप, रेणूंना उत्तेजित अवस्थेत ढकलतो. तिथे घड्याळाचा शून्य. दुसरा, प्रोब, ठरवलेल्या उशिराने येतो आणि रेणू आता कोणता रंग किती शोषतात ते बघून जातो. मग उशीर थोडा वाढवायचा आणि पुन्हा तेच करायचं. असं काहीशे वेळा केलं की अलीकडची-पलीकडची टिपणं जुळून एक हालचाल उभी राहते.

पण हा चित्रपट एका रेणूचा नाही, हे विसरायचं नाही. खासबागेत शंभर कुस्त्या झाल्या, प्रत्येकीतून सलामीनंतर वेगवेगळ्या सेकंदाला तू एकेक फोटो घेतलास आणि ते ओळीने लावून एका कुस्तीचा चित्रपट केलास, तर तो खोटा ठरेल. दोन कुस्त्या सारख्या नसतात. रेणूंच्या बाबतीत ही युक्ती चालते, कारण एकाच अवस्थेतून, एकाच सलामीने सुटलेले रेणू बऱ्याच अंशी तीच कुस्ती पुन्हा पुन्हा खेळतात. ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द लक्षात ठेव, पुढे लागणार आहेत.

प्रोबला उशीर लावायचा तो अंतराने. त्याच्या वाटेत सरकत्या स्टेजवर आरसे बसवलेले असतात. स्टेज एक मायक्रॉन मागे गेला की प्रकाश जाताना एक आणि येताना एक असा दोन मायक्रॉन जास्त चालतो, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. पंधरा सेंटिमीटर मागे नेला की एक नॅनोसेकंद. काळाचा प्रश्न असा लांबीचा होऊन जातो, आणि लांबी मोजणं माणसाला शतकानुशतकं जमतं. उद्यमनगरात लेथवर उभ्या राहणाऱ्या कारागिराला मायक्रॉन समजावून सांगावा लागत नाही. माझ्या टेबलावरचे कित्येक माउंट अशाच हातांनी बनवलेले आहेत, आणि ते बाहेरून मागवलेल्या माउंटइतकेच वर्षानुवर्षं जागेवर राहिले आहेत.

ही कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९-५० च्या सुमारास साध्या फ्लॅश दिव्यांनी हेच केलं. आधी मोठी झळक, मग छोटी. त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं, पण त्यांचं घड्याळ मायक्रोसेकंदांच्या आसपास थांबत होतं. अहमद झेवैल यांनी कॅलटेकमध्ये ते फेम्टोसेकंदांवर आणलं. १९८७ मध्ये त्यांनी आयोडीन सायनाइड या तीन अणूंच्या रेणूवर पंप मारला आणि आयोडीन सुटून सायनाइडचा तुकडा मोकळा व्हायला २०० फेम्टोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो हे दाखवलं. त्याहून मला आवडतो तो पुढच्याच वर्षीचा सोडियम आयोडाइडचा प्रयोग. उत्तेजित झालेला हा रेणू ताणला जातो, अणू जवळजवळ सात अँगस्ट्रॉम लांब गेले की सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे उडी मारतो, दोघे आयन बनतात आणि आकर्षणाने परत खेचले जातात. सव्वा पिकोसेकंदाला एक अशी ये-जा चालते, आणि दर खेपेला साधारण दहावा हिस्सा रेणू कायमचे तुटून निघून जातात. आलेखावर तो हेलकावा उतरत जाताना दिसतो. सहसंयुज बंध आणि आयनिक बंध आपण पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत शिकतो. इथे एकच रेणू एका श्वासात दोन्ही असतो. झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ज्या भागावर व्याख्यानात बोलायला हवं होतं आणि बोलता आलं नाही, त्याकडे येते. प्रोब जे घेऊन येतो ते चित्र नसतं, ती एक वजाबाकी असते. पंप असताना नमुन्याने किती प्रकाश शोषला, आणि पंप नसताना किती, यांतला फरक. त्यासाठी वाटेत चॉपर (खाचा असलेली चकती) फिरतो आणि पंपचा दर दुसरा पल्स अडवतो. हा फरक अगदी थोडा असतो, हजारात दोन भाग किंवा त्याचाही दहावा हिस्सा, आणि लेसरचा स्वतःचा चढउतार मात्र शंभरात अर्धा-एक. म्हणून हजारो पल्सची सरासरी घ्यावी लागते. या वजाबाकीत तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मूळ अवस्थेतले रेणू कमी झाले म्हणून नमुना काही रंगांना थोडा पारदर्शक होतो. उत्तेजित रेणू प्रोबच्या धक्क्याने प्रकाश सोडतात, म्हणून काही रंग वाढतात. आणि उत्तेजित रेणू आणखी वर जाण्यासाठी नवे रंग शोषतात, म्हणून काही कमी होतात. तिन्हींचे पट्टे एकमेकांवर चढतात. त्यांतून ‘रेणूचं काय झालं’ हे काढणं म्हणजे तीन माणसं एकदम बोलत असताना एकाचं म्हणणं लिहून घेणं.

यात फसायच्या जागा भरपूर आहेत. माझी स्वतःची सांगते. सुरुवातीच्या काळात एका रंगद्रव्यात मला ८० फेम्टोसेकंदांचा एक देखणा घटक सापडला. तीन आठवडे मी त्यावर काम केलं. पहाटेपर्यंत बसून प्रारूपं जुळवली, काय घडत असेल याची उपपत्तीही लिहून काढली. मग प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, नुसतं मिथेनॉल घालून बघितलंस का? घालून बघितलं. रंगद्रव्य नसतानाही तो घटक तसाच होता. दोन्ही पल्स एकाच क्षणी द्रावकात आणि क्युवेटच्या काचेत असतात तेव्हा माध्यमाचा अपवर्तनांक क्षणभर बदलतो आणि रेणू नसतानाही सिग्नल उठतो. आम्ही त्याला आर्टिफॅक्ट म्हणतो. त्या दिवशी वाटलेली लाज अजून आठवते. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत नियम आहे की कोणताही नमुना मोजायच्या आधी त्याच क्युवेटमध्ये नुसता द्रावक मोजायचा, आणि तो आलेख वहीत चिकटवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी जागा अलाइनमेंटची. अंबाबाईचा किरणोत्सव तू पाहिलाच असशील. मावळतीचे किरण महाद्वारातून येतात, एकामागून एक चौकटी ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सूर्याचा कोन इतका थोडा बदलतो, पण लांबवर ठिपका ठळकपणे वर चढतो. प्रोबला उशीर लावणाऱ्या त्या सरकत्या स्टेजचंही असंच आहे. आरशात येणारा किरण स्टेजच्या सरकण्याच्या दिशेशी अगदी समांतर नसेल, तर स्टेज मागे जाताना नमुन्यावरचा ठिपका हळूहळू सरकतो. पंप आणि प्रोबचे ठिपके एक-दोन दशांश मिलिमीटरचे. ते एकमेकांवरून निसटू लागले की सिग्नल उतरतो, आणि आलेख बघणाऱ्याला वाटतं की रेणू मूळ अवस्थेत परततो आहे. किती खोटे आयुष्यकाल असे जन्मले असतील! म्हणून दूरवर दोन आयरिस (मध्ये बारीक छिद्र असलेले पडदे) लावून स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचा, आणि ठिपका हलत नाही हे रोज सकाळी बघायचं. कंटाळा आला तरी बघायचं.

आणखीही पथ्यं आहेत, ती पटापट सांगते. पंपची शक्ती निम्मी केली की सिग्नल निम्मा व्हायला हवा. नाही झाला तर रेणूने दोन फोटॉन एकदम घेतलेत. पंप आणि प्रोबच्या ध्रुवणात (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशांत) ५४.७ अंशांचा कोन ठेवायचा, नाहीतर रेणूचं नुसतं गरगरणं त्याच्या आयुष्यात मिसळतं. नमुना वाहता किंवा ढवळता ठेवायचा, कारण एकाच जागी मार खाल्लेले रेणू जळतात. पांढऱ्या प्रोबमधला लाल भाग निळ्याच्या आधी पोचतो, तो फरक दुरुस्त करायचा.

आता दुसरा प्रश्न. तुझं म्हणणं बरोबर आहे आणि त्यातून सुटका नाही. गॉसियन (घंटाकृती आलेखाच्या) पल्सचा कालावधी आणि वारंवारितेत मोजलेली त्याच्या रंगाची रुंदी यांचा गुणाकार ०.४४ च्या खाली जात नाही. ८०० नॅनोमीटरच्या आसपास १०० फेम्टोसेकंदांचा पल्स साधारण ९ नॅनोमीटर रुंद असतो, १० फेम्टोसेकंदांचा ९४. दुसरा म्हणजे जवळजवळ १५०० तरंगसंख्यांचा (एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात त्या मापात) पट्टा, ज्यात निम्मा अवरक्त वर्णपट मावेल. मग बंध ओळखायचा कसा?

देवळातल्या घंटेचा विचार कर. टोला क्षणभराचा असतो, आणि क्षणभराचा असतो म्हणूनच घंटेतले सगळे सूर एकदम जागे होतात. कोणता सूर आहे हे टोल्यावरून ठरत नाही. नंतरचा नाद आपण किती वेळ ऐकतो त्यावरून ठरतं. पंपचा छोटा पल्स हा टोला आहे. त्याच्या पसरट रंगामुळे रेणूच्या अनेक कंपन-पातळ्या एकदम, एका ठेक्यात उत्तेजित होतात आणि सिग्नलवर बारीक लाटा दिसू लागतात. त्या लाटा एक पिकोसेकंदभर मोजल्या आणि फूरिये रूपांतर केलं (गणिताने त्यांतले सूर वेगळे काढले), तर ३३ तरंगसंख्यांपर्यंतचा भेद कळतो. दोन पिकोसेकंद ऐकल्या तर त्याच्या निम्मा. म्हणजे पल्सचा पसरटपणा इथे आड येत नाही, उलट तो नसता तर लाटाच उठल्या नसत्या. हे समजलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, कारण तोवर अनिश्चिततेचं तत्त्व मी शिक्षेसारखं मानत होते.

पण नाद टिकायला हवा, आणि इथे ते ‘बऱ्याच अंशी’ परत येतं. द्रावकात प्रत्येक रेणूभोवतीची गर्दी वेगळी असते, म्हणून प्रत्येकाचा सूर किंचित वेगळा लागतो. थोड्याच वेळात ठेका फिसकटतो आणि लाटा विरतात. बहुतेक द्रवांत यासाठी एक-दोन पिकोसेकंद पुरतात. रेणू कंप पावतच असतात, आपल्याला त्यांचा एकत्र आवाज ऐकू येत नाही इतकंच.

दुसरा मार्ग रामन परिणामाचा (रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग बंधांच्या कंपनानुसार किंचित बदलतो), ज्याच्या शोधाच्या तारखेला, २८ फेब्रुवारीला, मी तुमच्यापुढे उभी होते. यात तीन पल्स असतात. एक छोटा, रेणूला सुरुवात करून देणारा. मग एक पिकोसेकंदभर लांब आणि म्हणून अरुंद रंगाचा, आणि त्याच्यासोबत एक छोटा पसरट रंगाचा. शेवटचे दोघे मिळून त्या क्षणीच्या रेणूचा कंपन-वर्णपट देतात. बर्कलीच्या रिचर्ड मॅथीज यांच्या गटाने हे तंत्र डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनवर वापरलं. १९९१ मध्येच त्यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात दिसलं होतं की प्रकाश पडल्यावर रेटिनलची वाकडी साखळी सरळ होण्याची पायरी २०० फेम्टोसेकंदांत उरकते. म्हणजे प्रकाशाने एक केस ओलांडण्याच्या आत. २००५ मध्ये रामनने पुढचं कळलं: पहिल्या पायरीनंतर साखळी अजून पिळलेलीच असते आणि तिच्यावरचे हायड्रोजन आपापल्या जागी बसायला जवळपास एक पिकोसेकंद घेतात. नुसत्या शोषणाच्या वर्णपटाला ‘नवं काहीतरी बनलं’ एवढंच सांगता आलं होतं. ते किती पिळलेलं आहे हे कंपनांनी सांगितलं. आणि हाच रेटिनल प्रथिनातून काढून द्रावकात ठेवला तर तो काही पिकोसेकंद घुटमळतो. तो इतका चपळ होतो तो भोवतालच्या प्रथिनामुळे. तू आत्ता ही ओळ वाचते आहेस तीही त्याच चपळाईवर.

तिसरा मार्ग द्विमितीय वर्णपटाचा, म्हणजे दोन्ही अक्षांवर रंग मांडलेल्या नकाशाचा. अवरक्तात तो १९९८ मध्ये हॉखस्ट्रासर यांच्या गटाने दाखवला. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचा वर्णपट काढण्याच्या तंत्रात) दोन केंद्रकांची जोड जशी कर्णाबाहेरच्या शिखरांवरून कळते, तशी इथे दोन बंधांची कळते, आणि त्यावरून त्यांच्यातलं अंतर आणि कोन काढता येतो. प्रथिनांतल्या कार्बोनिल गटांसाठी हे फार उपयोगी आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी बंधाच्या लांबीच्या काही हजार पट असते. त्याने अणूंच्या जागा थेट दिसत नाहीत, कधीच दिसणार नाहीत. आम्हाला ऊर्जा दिसते, कंपनं दिसतात, आणि त्यांवरून रचनेचा अंदाज बांधावा लागतो. अणूंच्या जागा थेट हव्या असतील तर अँगस्ट्रॉमभर तरंगलांबीचे क्ष-किरण हवेत किंवा वेगवान इलेक्ट्रॉन हवेत. स्टॅनफर्डचा क्ष-किरण लेसर २००९ मध्ये सुरू झाला, आणि २०१६ मध्ये तिथे जिवाणूतल्या एका पिवळ्या प्रथिनाच्या रंगद्रव्याची कूस बदलताना फेम्टोसेकंदांच्या टप्प्यांत टिपली गेली. लेसरवाले आम्ही आणि ते, असे दोन पक्ष नाहीत. तिथेही पंप लेसरचाच असतो, आणि घड्याळाचा तो शून्य शोधताना घाम तसाच फुटतो. मला चीड येते ती ‘रेणूचा फोटो काढला’ अशा बातम्यांची, कारण त्या वाचून आलेली मुलं पहिल्या वजाबाकीच्या आलेखापुढे निराश होतात.

लेसरबद्दल थोडक्यात. टेबलावर नेहमी असतो तो टायटेनियम मिसळलेल्या नीलम स्फटिकाचा लेसर, त्याचा रंग ८०० नॅनोमीटर. त्याचे नाजूक पल्स थेट वाढवले तर स्फटिकच जळेल. डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये काढलेली युक्ती अशी: पल्स आधी काळात ताणून पातळ करायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा दाबायचा. त्याला २०१८ चं नोबेल मिळालं. एक मिलिज्यूल ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांत आली तर त्या क्षणाची शक्ती दहा गिगावॅट होते, कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅट क्षमतेच्या पाचपट. सेकंदाला हजार पल्स धरले तरी सरासरी मात्र एकच वॅट. हा प्रकाश डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो आणि दृष्टिपटल जाळताना दुखतही नाही. कधी अशा खोलीत गेलीस तर अंगठी, घड्याळ, बांगड्या बाहेर काढून ठेव, गॉगल काढू नकोस, आणि खाली पडलेला स्क्रू उचलायला किरणाच्या पातळीवरून वाकू नकोस.

आता तिसरा प्रश्न, कोल्हापूरचा. लेसर नसताना पिकोसेकंद मोजता येतात. थेट नाही, पण प्रामाणिकपणे.

उत्तेजित रेणूपुढे अनेक वाटा असतात: प्रकाश सोडणं, आकार बदलणं, हायड्रोजन सरकवणं, उष्णता टाकणं. ज्या वाटेचा वेग जास्त, तिच्या वाट्याला रेणू जास्त. प्रकाश सोडण्याचा वेग किती, हे शोषणाच्या आणि चमकेच्या साध्या वर्णपटांवरून काढायचं समीकरण स्ट्रिकलर आणि बर्ग यांनी १९६२ मध्ये दिलं, आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी. (हे स्ट्रिकलर वेगळे, वरच्या स्ट्रिकलंड वेगळ्या.) समजा त्यातून, फक्त प्रकाश सोडायचीच वाट असती तर, आयुष्य पाच नॅनोसेकंद आलं, आणि मोजल्यावर शंभर फोटॉनांमागे फक्त दोन परत आले, तर रेणूचं उत्तेजित आयुष्य पाचाच्या दोन टक्के, म्हणजे १०० पिकोसेकंद. साध्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरवर (चमक मोजणाऱ्या यंत्रावर), दिवसाउजेडी, तू नॅनोसेकंदाचा दहावा भाग मोजलास.

नमुना म्हणून हळद घे. सांगलीची बाजारपेठ शेजारीच आहे. त्यातलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि स्पिरिटमध्ये विरघळवून अतिनील टॉर्चखाली धरलं तर पिवळं-हिरवं चमकतं. पाण्यात ती चमक पार मंदावते. त्याच्या मध्यभागी दोन ऑक्सिजनांत एक हायड्रोजन अडकलेला असतो. प्रकाश पडल्यावर तो एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे सरकतो, आणि अल्कोहोलमध्ये यासाठी काही दशक ते शंभरभर पिकोसेकंद लागतात असं अतिवेगवान प्रतिदीप्तीच्या (चमकेच्या) मोजमापांत दिसलं आहे. हे तुला स्वतः तपासता येईल. एनएमआर असलेल्या प्रत्येक विभागात ड्यूटेरेटेड मिथेनॉलची, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असलेल्या मिथेनॉलची, छोटी बाटली असते. त्यात कर्क्युमिनचा तो हायड्रोजन ड्यूटेरियमने बदलला जातो. ड्यूटेरियम दुप्पट जड, म्हणून ती वाट संथ होते आणि रेणूला चमकायला जास्त वेळ मिळतो. साध्या आणि ड्यूटेरेटेड मिथेनॉलमधली चमक मोजून तुलना कर.

काळजी कशाची घ्यायची ते सांगते, कारण आकडे इथेच बिघडतात. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन फार थोडं, आणि बाजारातल्या ‘कर्क्युमिन’मध्येही त्याची दोन भावंडं मिसळलेली असतात, टीएलसीवर (घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) तीन ठिपके दिसतील, त्यामुळे ती वेगळी करायला कॉलम चालवावाच लागेल. शोषण ०.१ च्या खाली ठेव, म्हणजे द्रावण साधारण दोन मायक्रोमोलर. जास्त दाट केलंस तर रेणू स्वतःचाच प्रकाश गिळतात. तुलनेसाठी सौम्य कॉस्टिक सोड्यातलं फ्लुरोसीन वापर, शंभरात नव्वदहून थोडे जास्त फोटॉन ते परत देतं. द्रावण अंधारात ठेव आणि त्याच दिवशी मोज. आणि नुसता द्रावक आधी मोज, हे मी परत सांगते आहे.

चमक वाढली म्हणून लगेच हायड्रोजन सरकतो असं लिहून टाकू नकोस. कर्क्युमिनच्या दोन टोकांना फिनॉलचे हायड्रोजन आहेत, तेही ड्यूटेरियमने बदलले जातात. शिवाय जड द्रावक स्वतःच्या कंपनांमुळेही चमक वाढवू शकतो. फिनॉलच्या जागी मेथॉक्सी गट असलेलं कर्क्युमिनचं रूप तुमच्या सेंद्रिय विभागात बनवता येण्याजोगं आहे. त्यावर तोच प्रयोग कर. तरीही फरक तेवढाच राहिला तर टोकांचे हायड्रोजन बाद झाले, मधल्याकडे बोट जातं. द्रावकाचा प्रश्न मग वेगळा सोडवू.

हे आकडे हातात आले की पुण्याच्या आयसरसारख्या किंवा मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संस्थांत उन्हाळी संशोधनासाठी अर्ज कर. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, टीआयएफआरची विद्यार्थी योजना आहे. अर्जात ‘मला लेसरची आवड आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘माझ्या नमुन्याचं आयुष्य स्थिर मोजमापांवरून इतकं येतं, ते थेट मोजून बघायचं आहे’ असं लिहिणारी विद्यार्थिनी मला माझ्या टेबलाशी जास्त हवी असते. वर्णपट काढलेस की दोन्ही मिथेनॉलचे आलेख, नुसत्या द्रावकाचा तिसरा आणि मोजल्याची तारीख असं एकत्र मला पाठव. चिठ्ठीच्या मागे मी पत्ता लिहून दिला होता, तोच अजून आहे.